तीन पानांचं वाक्य

त्या कादंबरीचा तेव्हा जिकडेतिकडे बोलबाला होता. न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक मान खाली घालून बसलंय आणि न्हावी विचारतोय, "कुठवर आलात? कळला का खुनी?" दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडात आरसा घालून तोच विषय काढायच्या आणि पेशंटला उत्तरही देता यायचं नाही. बंद पडलेल्या वेधशाळेत एक म्हातारा शास्त्रज्ञ मरून पडतो, आत पाच माणसं, बाहेर धुकं. म्हटली तर गोष्ट जुन्याच वळणाची. पण लिहिणाऱ्याने शेवटच्या प्रकरणात खुनी बाईच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, तीन पानं लांब, मध्ये कुठेही पूर्णविराम नाही. विद्वानांनी त्या वाक्यावर लेख लिहिले. साध्या माणसांनी ते कानाने ऐकलं, कारण हे पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारेच जास्त होते. जिने ते वाचलं होतं, तिच्या आवाजाने लोकांना वेड लावलं होतं.

ऑपरेटरबाईंनी मात्र ते ऐकलं नव्हतं. आवाज त्यांच्या लेकीचा होता आणि लेक जाऊन वर्ष होत आलं होतं.

ऑपरेटरबाई हे नाव त्यांना एक्स्चेंजने दिलं आणि ते आळीने जपलं. उभी हयात त्यांनी टेलिफोनच्या बोर्डासमोर काढली होती. लांबलचक खोली, उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या बायका, समोर चिमुकले दिवे, हातात तारा, डोक्यावर तो जड हेडफोन, त्याला त्या कर्णफूल म्हणत. दिवा लागला की तार खुपसायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." बाकीच्या बायकांना नंबर ऐकू यायचा, बाईंना माणूस ऐकू यायचा. कोण रडून आलंय, कोण पिऊन आलंय, कोण थाप मारणार आहे, हे नुसत्या श्वासावरून त्या सांगत. त्यांच्या वरच्या मोठ्या बाई कडक होत्या. त्यांचा एक नियम होता. बोलणारा गप्प झाला म्हणजे बोलणं संपलं असं समजू नका. पलीकडे श्वास ऐकू येतोय तोवर लाइन जिवंत आहे, ती तोडायची नाही. बोर्ड गेले, मोठ्या बाई गेल्या, ती खोलीही कुणी गोदामाला दिली. बाईंच्या कानात तो नियम तेवढा राहिला.

पुढे त्याच कानांनी त्यांनी नवऱ्याचं दुखणं ऐकलं. फुप्फुसं गेली होती त्यांची. शेजारच्या खाटेवरून येणारा तो घरघरणारा श्वास बाईंनी महिनोन् महिने ऐकला, थांबेपर्यंत.

लेकीचं दुखणं त्यांनी ऐकलंच नाही. तिने शेवटी शेवटी फोन करायचा सोडला होता. मेसेज पाठवायची. घरी आली की गळ्याकडे बोट दाखवून हसायची, खुणेने सांगायची की रेकॉर्डिंग चालू आहे, आवाज राखायचाय. तिच्या धंद्यात ते नवं नव्हतं. बाईंना वाईट वाटायचं, पण त्या म्हणायच्या, "बरं बाई, ठेव सांभाळून तुझं सोनं." मग एक दिवस रेकॉर्डिंग संपलं, आठवड्याभरात जावयाने तिला इस्पितळात नेलं, छाती उघडली, आणि ती टेबलावरून परत आली नाही. बाईंना कळवलं ते सगळं आटोपल्यावर. तेव्हापासून जावयाशी त्या कामापुरतं बोलत. नात मात्र त्यांच्याकडेच होती. समोरचे दोन दात मोठे आणि एका जागी बूड ठरायचं नाही, म्हणून तिला सगळे खारू म्हणत. जावई स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. त्याच्या कामाला ना वेळ ना काळ. तो दर रविवारी येऊन लेकीला भेटून जायचा.

त्या वर्षी त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. शाळा संपली की खारूला घेऊन जातो, असं त्याने सांगितलं. बाईंच्या मनात एकच आलं. खारू गेली की घरात उरणार कोण? घड्याळ आणि आपण. त्याच आठवड्यात त्यांनी खारूला हाक मारली.

"ए, तुझ्या आईचं ते पुस्तक लावून दे मला."

"रडशील तू."

"रडले तर रडले. तू काय पदर घेऊन मागे बसणार आहेस? लावून दे."

खारूने फोनवर पुस्तक लावून दिलं, कर्णफूल आजीच्या डोक्यावर नीट बसवलं आणि खेळायला पळाली. कानात शांतता, आणि मग लेक म्हणाली, "धुकं उतरलं तेव्हा वेधशाळेचं दार उघडंच होतं."

बाईंच्या हातातला घडी करायचा मोजा तसाच राहिला. रडू आलं नाही, कारण कान आधी जागे झाले होते. "धुकं" म्हटल्यावर एक श्वास होता, "तेव्हा"च्या मागे दुसरा. कुणालाही ऐकू आला नसता. कुणीतरी तो मोठ्या नजाकतीने पुसला होता, पण पुसलेल्या जागेलाही आवाज असतो. लोक ह्यालाच म्हणत होते, की बाई काय जीव ओतून वाचते, कशी थांबत थांबत! बाईंना ते थांबणं ओळखीचं वाटलं. तसं थांबणं त्यांनी शेजारच्या खाटेवरून ऐकलं होतं.

त्या रोज दुपारी ऐकू लागल्या. कपड्यांच्या घड्या घालताना, शेंगा सोलताना. खुनी कोण ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्या दुसराच तपास करत होत्या. आणि नवल म्हणजे आवाज सुधारत होता. पहिली प्रकरणं धापा टाकत गेली, मधल्या प्रकरणांत श्वास लांबला, पुढे पुढे तर लेक पहिल्यासारखी वाचू लागली, मोकळी, खणखणीत. आणि शेवटी ते वाक्य आलं. खुनी बाई, त्या शास्त्रज्ञाची मोठी बहीण, सगळं कबूल करते ते. लेकीने ते एखाद्या नदीसारखं सोडलं होतं. मध्ये दम घेतला असेल तर तो कुठे, हे बाईंनाही सापडलं नाही. त्यांनी तीनदा ऐकलं. मग कर्णफूल काढून ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी ट्रंकबाई आल्या. ह्या त्यांच्या बोर्डावरच्या मैत्रीण, दूरगावचे कॉल जोडायच्या म्हणून ट्रंकबाई. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"ऐकलंस म्हणे लेकीचं? मग, कोणी केला खून?"

"तुला माहीतच असेल. शेवटचं पान आधी उघडलं असशील."

"ते काय सांगायला हवं! ताटात गोड काय आहे ते आधी बघावं, मग भाजी चिवडत बसावं. एकदा कोणी मारलं ते कळलं की बाकीचं कसं निवांत वाचता येतं."

"म्हणूनच तुला जन्मात कुठली गोष्ट कळली नाही."

"आणि तुला सगळं कळायचं म्हणून तुझा नवरा बिचारा एक थाप मारू शकला नाही गं कधी. सुखाने खोटं बोलायला तरसून गेला तो." ट्रंकबाई हसल्या, मग बाईंचा चेहरा बघून थांबल्या. "काय झालं?"

बाईंनी सांगितलं. लेक आजारी होती हे खरं. पण ती बरी होत होती. पुस्तकाच्या सुरुवातीला तिला एक ओळ धड वाचवत नव्हती, आणि शेवटी तीन पानांचं वाक्य तिने एका दमात म्हटलं. रेकॉर्डिंग संपलं आणि आठवड्यात हा तिला सुरीखाली घालतो. बरी होणारी पोर.

"अगं, त्याने कशाला असं करावं?"

"घाई. माणसाला घाई असते. दुखणाईत बायको घरात किती दिवस ठेवायची? आणि मला विचारलं नाही, सांगितलं नाही. ज्याचं मन स्वच्छ असतं तो लपवतो का?"

ट्रंकबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "हे बघ, तुझ्या कानांना मी नाव ठेवणार नाही. पण कानाने माणूस ओळखता येतो, तारीख नाही. जावयाला काही बोलून बसू नकोस. तार खुपसली की काढता येते, शब्द नाही निघत."

ऐकतील तर त्या बाई कसल्या!

रविवारी जावई आला तो दोन रिकामी खोकी घेऊन. हा माणूस मुळात मुखदुर्बळ. दुसऱ्यांचे आवाज नीट करण्यात आयुष्य गेल्यामुळे स्वतःचा वापरायचा राहून गेला असावा. खोकी जमिनीवर ठेवून तो म्हणाला, "आई, खारूची पुस्तकं मावतील ना ह्यात?"

"खारू कुठे जायची नाही."

"आई, आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. तुमचं सगळं तुमचंच ठरतं. माझ्या लेकीचंही तुम्हीच ठरवलंत." बाईंचा आवाज चढला. आयुष्यभर हळू बोलायची सवय असलेल्या बाईचा आवाज चढला की घर दचकतं. "मी ऐकलंय सगळं. बहिरी नाहीये मी. ती बरी होत होती. तीन पानांचं वाक्य एका दमात वाचणारी पोर आठवड्यात मरते? तुम्ही नेलंत तिला तिथे. तुम्ही मारलंत तिला!"

 जावई बाईंच्या खांद्यावरून मागे बघत होता. बाई वळल्या. दारात खारू उभी होती, एका पायात मोजा, एक हातात. तिने बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी घातली.

जावई खोक्यावर बसला. खोकं त्याच्या वजनाने दबलं तरी उठला नाही.

"तुम्ही पुस्तक कुठून ऐकलंत, आई?"

"कुठून म्हणजे? पहिल्यापासून."

"तिने पहिल्यापासून नाही वाचलं."

बाई उभ्याच राहिल्या.

"शेवटचं प्रकरण आधी केलं आम्ही," तो म्हणाला. एकेक शब्द जड ओझं उचलावं तसा उचलत होता. "डॉक्टरांनी दुखणं सांगितलं त्याच आठवड्यात. ती म्हणाली, ते तीन पानांचं वाक्य आत्ताच घेऊ, छातीत वारा आहे तोवर. मग त्याच्या आधीचं प्रकरण, मग त्याच्या आधीचं. उलट्या पावली आलो. सुरुवातीला नुसतं धुकं आणि वेधशाळेचे जिने आहेत, ते कशाही आवाजात खपेल म्हणाली. पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी केलं. त्यातली पहिली ओळ तर..." त्याने मान हलवली. "एक-दोन शब्द घेऊन जोडलीय ती मी."

 बोर्डावर बसणाऱ्या बाईला हे कधी सुचलंच नसतं. बोर्डावर जे आधी ऐकू येतं, ते आधी घडलेलं असतं. तिथे कुणी उद्याचं बोलणं काल बोलून ठेवत नाही. ज्या आवाजाला त्यांनी लेकीची सुरुवात समजलं, तो तिचा शेवट होता.

"ऑपरेशनचा हट्ट तिनेच धरला होता," जावई म्हणाला. "डॉक्टर नको म्हणत होते. मी पण. ती म्हणाली, नुसतं पडून विझण्यापेक्षा एक डाव टाकू."

"मला का नाही सांगितलंत?"

उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि मधल्या टेबलावर ठेवला. पुस्तकात नसलेला आवाज आला. खोकला. खूप वेळ नुसता खोकला. मग लेकीचा, बसलेला, चिडका, जिवंत आवाज: "धुकं उतर... नाही, परत. हा श्वास काढ हं. आईला ऐकू येईल."

जावयाचा आवाज लांबून: "अगं, किती काढू? सगळे काढले तर वाक्यच उरायचं नाही."

"काढ रे. बाबांच्या वेळी तिने सगळं ऐकलंय. एकदा ऐकलं तेवढं पुरे. दुसऱ्यांदा नको." पुन्हा खोकला. "शपथ घातलीय तुला, विसरू नकोस."

बाईंनी हात वर केला, तेव्हा त्याने बंद केलं.

न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन त्याने लेकीला हाक मारली. "खारू, बाहेर ये गं."

"मी नाही येणार तुझ्याबरोबर. तू आईला मारलंस."

"नाही गं बाळा."

"आजीने ऐकलंय. आजीला सगळं ऐकू येतं."

तो परत आला. बाईंकडे न बघता त्याने खोकी भिंतीशी सरळ करून ठेवली. "मी सांगून तिला पटायचं नाही," तो म्हणाला. "आणि रडती ओढून मी तिला नेणार नाही. पुढच्या रविवारी येतो. तुम्ही सांगाल तेच ती खरं मानेल." चपला घालताना त्याला एक चप्पल सापडेना, बाईंनी पायाने ती पुढे सरकवली. त्याहून जास्त काही त्यांच्याच्याने झालं नाही.

मग तो आठवडा, शाळेचा शेवटचा. काय सांगावं त्या आठवड्याचं! बाईंना जे हवं होतं ते सगळं न मागता पदरात पडलं होतं. खारू शाळेतून आली की थेट त्यांना येऊन चिकटायची. त्यांच्याच ताटात जेवायची. "मी इथेच राहणार ना?" असं दिवसातून कितीदा तरी विचारायची आणि बाई म्हणायच्या, "भात संपव आधी." सांगायचं आहे, हे त्यांना सोमवारी माहीत होतं, मंगळवारी माहीत होतं. पण मन मोठं चलाख असतं. पोर लहान आहे, म्हणायचं; मोठी झाली की सांगू. बाप कामाचा माणूस, तिला सांभाळणार कसा, म्हणायचं. खोटं तर आपण काही बोलत नाही, नुसतं गप्प आहोत. गप्प राहण्यात कसलं पाप?

गुरुवारी संध्याकाळी जावयाचा फोन आला. खारू जवळ होती, तिने उचलला आणि कानाला लावला. बोलली नाही. बाई समोर लसूण सोलत होत्या. खोली इतकी शांत होती की त्यांना पलीकडचंही ऐकू येत होतं. "खारू?" तो म्हणाला. "बोलू नकोस, चालेल. नुसती ऐक." मग तोही गप्प झाला. शब्द सापडत नव्हते त्याला. नुसता श्वास येत होता, एक, मग अडखळून दुसरा. खारूने फोन कानापासून काढला, लाल खुणेवर बोट दाबलं आणि तो पालथा ठेवला.

अगदी सहज. दिवा विझवावा तसं.

बाईंच्या हातातली सुरी थांबली. इतक्या वर्षांच्या नोकरीत श्वास चालू असताना लाइन तोडलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली, आणि तोडणारा हात त्यांनीच शिकवून तयार केला होता.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "हात धुते मी. आपल्याला आईचं पुस्तक ऐकायचंय."

"तुझं झालंय ना ऐकून?"

"उलटं ऐकायचंय."

त्यांनी कर्णफूल लावलं नाही, आवाज खोलीत सोडला. आधी शेवटचं प्रकरण लावलं. तीन पानांचं वाक्य. खारू तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. आई अशी होती हे ती विसरली होती. मग बाईंनी मधलं एक लावलं, मग त्याच्या आधीचं. प्रत्येक वेळी थोडंच, कळेल इतकंच. "हे आधी वाचलंय," त्या सांगत होत्या. "हे नंतर. हे त्याच्याही नंतर." खारूला फार सांगावं लागलं नाही. ती तेव्हा आईबाबांच्या घरात राहत होती, आईच्या खोलीचं दार लोटलेलं तिने पाहिलं होतं. शेवटी बाईंनी पहिलं प्रकरण लावलं.

"धुकं उतरलं तेव्हा..."

"बंद कर," खारू म्हणाली. "आई दमलीय."

बाईंनी बंद केलं. "बाबाने नाही मारलं तिला. दुखण्याने मारलं. बाबा तिला तेवढे दिवस वाचायला मदत करत होता. मी चुकीचं ऐकलं."

"तुला सगळं ऐकू येतं."

"नाही येत."

खारू आपल्या मोज्याची कड ओढत राहिली. मग विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

लहान मुलं बरोबर तिथेच बोट ठेवतात. बाई खोटं बोलू शकल्या असत्या. चार दिवसांचाच तर फरक होता.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "तू आत कडी लावून बसली होतीस तेव्हा."

खारू उठली. तिने भिंतीशी ठेवलेलं खोकं ओढत आपल्या कपाटापाशी नेलं आणि पुस्तकं भरायला लागली. बाईंनी मदतीला हात पुढे केला, तेव्हा तिने खोकं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. रविवारी बाप आला तेव्हा ती दारातच बसली होती. त्याच्या कमरेला मिठी मारून तिने तोंड लपवलं आणि त्याच्या शर्टात काहीतरी म्हणाली. काय, ते बाईंना ऐकू आलं नाही. जाताना बापाने सांगितलं म्हणून ती वाकून पाया पडली. आजी म्हणून हाक मारली नाही.

आता दर रविवारी सकाळी जावयाचा फोन येतो. तो सांगतो, शाळा बरी आहे, एक दात पडला, पाऊस आहे. मग म्हणतो, "थांबा हं, खारूला देतो." फोन हातातून हातात जातो, घासल्यासारखा आवाज होतो. मग काही नाही. खारू बोलत नाही.

पण ती असते. बाईंना तिचा श्वास ऐकू येतो, लहान, नाकातून, थोडी सर्दी झालेला. ट्रंकबाई एकदा समोर बसल्या होत्या, त्या कुजबुजल्या, "अगं, कुणी बोलत नाहीये, ठेव की आता." बाईंनी मान हलवली. त्या काही विचारत नाहीत, माफी मागत नाहीत, गोष्ट सांगत नाहीत. फोन कानाला धरून ताठ बसून राहतात, पूर्वी स्टुलावर बसायच्या तशा.

पलीकडून कधीतरी ती लाइन तोडते. ह्यांनी अजून एकदाही तोडलेली नाही.